सुगीला जाणारा घाटी

घाटी आमच्या गावात पन्नास वर्षं राहिला, पण एकही मोठं झाड त्याने लावलं नाही. लावायचा तो शेवगा, नाहीतर पपई. वर्षा-दीड वर्षात फळ देणारं आणि वाऱ्याने मोडलं तरी जिवाला न लागणारं. माझ्या बापाने त्याला एकदा आंब्याची कोय दिली आणि झोपडीच्या मागे पुरायला सांगितली. घाटीने ती दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. म्हणाला, "आंबा लावायला थांबनारा मानूस पायजे. मी या सुगीला जानार." ती सुगी गेली, पुढची गेली. माझा बाप गेला. घाटी होता तिथेच होता.

नाव त्याचं महादू, पण ते गावात कोणी घेत नसे. आमच्याकडे घाट उतरून जो येईल तो घाटी. साताऱ्याचा असो, नगरचा असो, आम्हाला सगळे सारखे. या शब्दात मान नव्हता, हे खरं आहे. पण राग होता असंही नाही. मिठाला खारट म्हणावं तसं ते म्हणणं होतं. पोरं घाटीमामा म्हणत, बायका घाटीदादा म्हणत. मी नुसतं घाट्या म्हणायचो, कारण आम्ही दोघं एका वयाचे. तोही काही कमी नव्हता. आम्हाला सगळ्यांना मिळून तो 'खाऱ्या पान्याची मानसं' म्हणायचा, आणि तेही तोंडावर.

बहात्तरच्या दुष्काळात तो खाली उतरला. माण तालुक्यातलं, म्हसवडच्या अलीकडचं त्याचं गाव. आधी पनवेलजवळ खडी फोडायला होता, मग खाडीकाठच्या मिठागरावर आला. मिठागराचं काम पाऊस पडला की बंद होतं. बाकीचे घाटी आपापल्या गावी गेले. हा राहिला, कारण याच्या गावात तेव्हा पाणीच नव्हतं. माझ्या बापाने त्याला आमच्या बांधाच्या टोकाला झोपडी घालू दिली. चार महिने म्हणून दिलेली ती जागा.

त्याच्या तोंडात कायम एकच, 'आमच्या गावाकडं'. आमच्या गावाकडं भाकर पांढरी असते, आमच्या गावाकडं म्हशीला शिंगं अशी असतात, आमच्या गावाकडं वारा कोरडा असतो, अंगाला चिकटत नाही. एकदा मिठागरावर जेवायला बसलो होतो. चिमूटभर मीठ तोंडात टाकून म्हणाला, "आमच्या गावाकडचं मीठ लई गोड." मी म्हटलं, "घाट्या, तुज्या गावाला मीठ इथूनच जातंय रं." त्याने जराही विचार न करता सांगितलं, "मग वाटंत सुधारत आसंल." अशा माणसाशी वाद कोण घालणार?

झोपडीत खुंटीला त्याचं एक बोचकं कायम बांधलेलं असे. आत घोंगडी, एक धोतर आणि म्हसवडच्या देवाचा अंगारा. निघायची वेळ आली तर बांधाबांध करायला नको म्हणून. घरात पाहुणा आला की आधी त्या बोचक्याकडे बघायचा. पाहुणा विचारायचा, कुठे निघालात की काय? घाटी समाधानाने सांगायचा, या सुगीला.

आता त्याला गावात मान कसा मिळाला ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमची शेती खाऱ्या जमिनीतली. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध, दुसरं काही नाही. उधाणाला कधी कधी बांध फुटतो. त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की सगळा गाव धावतो, कारण ओहोटी आहे तोवरच ती बुजवायची असते. पुन्हा भरती आली आणि खारं पाणी शेतात बसलं की ती जमीन तीन-चार वर्षं भात देत नाही. म्हणून आमच्यात रीत होती. खाडीतल्या तिवराच्या झाडांचे खुंट ठोकायचे, त्यांना पेंढ्याच्या पेंढ्या लावायच्या आणि पाच-सहा गड्यांनी खाडीकडे पाठ करून त्या खांडीत उभं राहायचं. बाकीच्यांनी त्यांच्या अंगावर चिखल टाकत जायचं. उभे असलेल्यांनी हलायचं नाही. चिखल छातीला आला, मागून पाणी चढायला लागलं, तरी नाही. बांध वर आला की मगच त्यांना ओढून काढायचे.

घाटी आला त्याच्या पुढच्या वर्षी मोठी खांड पडली. माणसं कमी पडत होती. घाटी उतरला आणि मधोमध उभा राहिला. त्याला पोहता येत नव्हतं. आम्ही सगळे चिखल टाकतोय, आणि मी बघतोय की हा निवांत उभा आहे, शेजारच्याला गावाकडची काहीतरी गोष्ट सांगतोय. मग भरती लागली. मागून पाणी कमरेला आलं, पाठीला आलं. घाटीचं बोलणं बंद झालं. चेहरा राखेसारखा झाला. पण जागचा हलला नाही. आमच्यातला एक गडी घाबरून वर आला, हा नाही आला. संध्याकाळी त्याला ओढून काढला तेव्हा त्याचे दात वाजत होते. माझ्या बापाने विचारलं, पोहता येत नाही तर उतरलास कशाला? तेव्हा तो म्हणाला, "पानी परत येतं हे मला कुनी सांगितलं हुतं? आमच्या गावाकडं पानी एकदा गेलं की गेलं."

सगळा गाव हसला. पण त्या हसण्यात त्याला आम्ही आत घेतला होता. नारळी पौर्णिमेला आमच्या गावाचा एक नारळ बांधावरून खाडीला देतात. सोललेला नाही, असोला, सालासकट. आणि तो द्यायचा मान शेवटच्या खांडीत मधोमध उभा राहिला त्याचा. त्यानंतर तशी मोठी खांड पडली नाही. त्यामुळे मान घाटीकडेच राहिला. दर वर्षी धुवट सदरा घालून तो पुढे, मागे आम्ही मूळची सगळी घरं. नारळ पाण्यात सोडताना खाडीला काय सांगायचा ते मी एकदा कान देऊन ऐकलं. म्हणत होता, "बाई, यंदा सांभाळ. पुढल्या वर्षी मी न्हाई."

लग्न त्याने गावाकडे केलं आणि बायको इथे आणली. गरीब बाई. आमच्या बायकांबरोबर चिंबोऱ्या पकडायला शिकली, आमचे सूर काढून हळदीला गायला शिकली. मुलगा बाळू इथेच जन्मला. बायको तापाने गेली तेव्हा बाळू शाळेत होता. घाटी म्हणत होता गावाकडे नेऊ. कसा नेणार? खाडीच्या काठी तिला आम्हीच जाळली, राख ओहोटीबरोबर गेली. त्या वर्षी नारळ देताना तो काही बोलला नाही. नुसता उभा राहिला, पाणी गुडघ्याला लागेपर्यंत.

मी एकदा त्याच्या गावी गेलो होतो, तिथल्या जत्रेला. फार दिवस नेतो नेतो म्हणत होता. एसटीतून उतरलो तर पारावरच्या म्हाताऱ्यांनी हाक दिली, "पनवेलकर आला का?" मी मागे वळून बघितलं की मला कोण ओळखतो इथे. ते घाटीला म्हणत होते. त्याच्या भावकीतली पोरंसुद्धा त्याला पनवेलचे तात्या म्हणत. एकाने मस्करी केली, तात्या, मासळीचा वास येतो तुमच्या अंगाला. ज्या घराच्या गोष्टी मी इतकी वर्षं ऐकल्या होत्या त्याच्या तीन भिंती पडलेल्या होत्या आणि चौथीला पुतण्याने शेळी बांधली होती. घाटीने त्या भिंतीवरून हात फिरवला. मग मला म्हणाला, चल, देवाला जाऊ. परतीच्या गाडीत बसलो. पनवेल आलं, खाडीचा वास आला, तेव्हा म्हणाला, "आमच्या गावाकडं वारा कसा कोरडा हुता, बघितलंस न्हवं?" मी म्हटलं, बघितला. पडलेल्या भिंतींचं मी गावात कोणालाही सांगितलं नाही.

पुढे आमच्याकडे फार लोक आले. इमारती बांधायला आले, टँकर चालवायला आले, भाजीचे ठेले घेऊन आले. त्यांना भैया म्हणायला लागले, परप्रांतीय म्हणायला लागले. सभेत ओरडून म्हणायला लागले. घाटी ते ऐकून मला म्हणायचा, "बरं झालं, आता मी जुना झालो." मी तिसरी शिकलेला माणूस, पण पाटी दिसली की वाचतोच. नातवंडांबरोबर कर्नाळ्याला गेलो होतो. तिथे पक्ष्यांच्या फलकावर लिहिलं होतं, स्थलांतरित. नातीने अर्थ सांगितला, थंडीत येतात आणि थंडी सरली की परत जातात. मला शब्द आवडला. घरी आल्यावर घाटीला सांगितलं, तुझ्यासाठी चांगला शब्द मिळाला. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन परत न गेला तर त्या पाखराला काय म्हनत्यात?" ते फलकावर नव्हतं.

मग विमानतळ आला आणि आमचाच गाव उठवायचं ठरलं. सगळ्यांना करंजाड्याच्या बाजूला जागा देणार होते. देणार कोणाला, तर गावातल्या माणसाला. घाटीच्या तर पायाखालची जमीनसुद्धा आमची. गावकी बसली. तरुण पोरांपैकी दोघं भाऊ म्हणाले, घाटीमामा चांगला आहे, पण बाहेरचा आहे. मी उठलो. मला सभेत बोलता येत नाही, मी भांडतो. मी विचारलं, तुमच्यातला कोण खांडीत उभा राहिला? तुमचा बाप वर आला होता, हा नाही आला. ज्याने गावाचा नारळ दिला तो गावाचा नाही, तर मग तुम्ही कोण?  शेवटी ठरलं की यादी करायला साहेब आला की सगळ्यांनी एका तोंडाने सांगायचं, महादू आमच्या गावचा. पाटलाने घाटीला समोर बसवून दोनदा समजावलं. घाटीने मान हलवली.

साहेब आला. तरुण होता, बोलायला गोड. शाळेच्या पडवीत खुर्ची टाकून बसला. आम्ही एकेक पुढे होत होतो. घाटीची पाळी आली, मी मुद्दाम त्याच्या बाजूला उभा राहिलो. साहेबाने सगळ्यांना विचारलं तेच विचारलं, "बाबा, तुमचं गाव कोणतं?"

पन्नास वर्षं ज्याला हा एकच प्रश्न कोणीतरी विचारावा असं वाटत होतं, त्याला तो विचारला गेला. घाटीचं तोंड उजळलं. छाती काढून त्याने सांगितलं, "म्हसवडच्या अलीकडं, माण तालुका. आमच्या गावाकडं आला न्हाई का सायब कधी?"

मी त्याला कोपर मारलं. पाटील पुढे झाला, म्हणाला, साहेब, तो इथलाच आहे, आमच्या गावचा आहे, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. साहेबाने पुन्हा विचारलं, इथेच राहणार ना तुम्ही? आणि घाटी म्हणाला, "न्हाई. या सुगीला जानार."

साहेबाने पेन खाली ठेवलं. तोही बिचारा काय करणार. हळू आवाजात आम्हाला म्हणाला, हे तर स्थलांतरित आहेत. मला कर्नाळ्याचा फलक आठवला. पण जाताना त्याने आमच्या सगळ्यांबद्दल बोलताना तोच शब्द वापरला. म्हणाला, स्थलांतरितांना तिकडे सगळ्या सोयी मिळतील. मी विचार करत राहिलो. जो आला तो स्थलांतरित आणि ज्याला उठवला तोही स्थलांतरित. पाखराला निदान परत जायचं असतं.

सगळे गेल्यावर मी घाटीला नको ते बोललो. म्हटलं, पन्नास वर्षं जातो जातो करत होतास, एक दिवस जीभ आवरली असती तर मेला असतास का? तो म्हणाला, "गाव इचारलं, गाव सांगितलं. बदलायला गाव काय सदरा हाय व्हय?" मी म्हटलं, मग तुझ्या सदऱ्यात राहा. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. त्यानेही आधी बोलायचं नाही असं ठरवलं. आम्ही दोघं सारखेच.

गाव रिकामा झाला. घरं पाडली, शेतात डोंगर फोडून आणलेला भराव पडला. बांध कुठे होता ते आम्हालाच दिसेना. घाटीची झोपडी मोडली तेव्हा बाळूने खुंटीवरचं बोचकं काढलं. घोंगडीला कसर लागली होती, हात लावला की भुगा पडत होता. घाटीने ती तशीच पुन्हा बांधली.

आम्ही करंजाड्याला आलो. घाटी काही दिवस बाळूच्या कामोठ्यातल्या खोलीवर राहिला. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा आली. गावकीत विचार झाला की आता बांध नाही, तर नारळ मोऱ्याच्या बंदरावर जाऊन समुद्रात सोडू. टेम्पो केला. घाटीला बोलावलं, तो सदरा घालून आला, नारळ हातात घेतला आणि टेम्पोत चढेना. पाटलाला म्हणाला, "मान बांधाचा हाय, बंदराचा न्हाई. बांध न्हाई तर नारळ माज्यापाशी ऱ्हाऊ द्या." बायका कुजबुजल्या, अपशकुन आहे. पण मान त्याचा, त्याच्या हातातून काढून कोण घेणार? टेम्पो दुसरा नारळ घेऊन गेला.

त्याच आठवड्यात बाळूचा फोन आला, आमचे अण्णा निघालेत गावाला, तुम्हाला बोलावलंय. मी पनवेलच्या स्टँडवर गेलो. घाटी बाकावर बसला होता, एका बाजूला बोचकं, दुसऱ्या बाजूला पिशवीत नारळ. मी बाजूला बसलो. गाडी लागेपर्यंत आम्ही दोघंही समोर बघत होतो. गाडी लागल्यावर तो म्हणाला, "सुगी लागली बघ." तेव्हा श्रावण चालू होता, कसली सुगी. मी म्हटलं, "जा. पोचलास की सांग." खिडकीतून त्याने विचारलं, "तुमी कुठं ऱ्हाता आता, त्या गावाचं नाव काय?" मी म्हटलं, करंजाडे. तो म्हणाला, "ते तुमचं गाव न्हवं." गाडी निघाली.

घाटीचा पुतण्या अधूनमधून मला फोन करायचा. म्हणायचा, तात्यांनी वैताग आणलाय. जेवायला बसले की आमच्या पनवेलला भात लाल असतो, आमच्या पनवेलला सुकट अशी करतात. पारावर बसून म्हाताऱ्यांना सांगतात, आमच्याकडं पाणी जातं आणि परत येतं. कोणी विश्वास ठेवत नाही. मी फोन ठेवला की सून विचारायची, मामा, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही, घाटी सुखात आहे.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. मी आणि बाळू दिवसांना गेलो. गल्लीत शिरलो तर एक बाई दुसरीला सांगत होती, "पनवेलकराच्या गावची मानसं आली." त्याला आमच्या गावचा म्हणायला मी गावकीत भांडलो होतो, साहेबासमोर सगळा गाव उभा केला होता. इथे कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

पडक्या भिंतीच्या मागे पुतण्याने मला नेलं. तिथे जमिनीतून आमचा नारळ उगवला होता. दोन पानं, कडांना करपलेली. भोवती दगडांचं आळं केलेलं. पुतण्याची बायको म्हणाली, आंघोळीचं पाणी घालायचे रोज, आम्हाला हात लावू देत नव्हते. मग हसून म्हणाली, माणदेशात कुठला जगतोय नारळ. ती खोटं बोलत नव्हती. ती जमीन मी बघितली आहे. मी आतून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि घातलं. माती ते लगेच पिऊन गेली. आम्ही निघेपर्यंत आळं कोरडं झालं होतं.

करंजाड्याला आमच्या दारापुढे हातभर जागा आहे. परत आलो तेव्हा सुनेने हापूसचं कलम आणून ठेवलं होतं, चांगलं उंच, कुंडीसकट. म्हणाली, मामा, तुमच्या हाताने लावा.  मी ते कलम शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं आणि सुनेला शेवग्याची फांदी आणायला सांगितलं. ती म्हणाली, अहो मामा, आता कायमचं इथेच राहायचंय ना आपल्याला?

 फांदी आली, ती मी दारापुढे खोचली आणि पाणी घातलं.